पन्नास रुपयांची परवानगी



या अंकाचं संपादकीय पैशावर आहे. ज्यांना पैशाचं बोलणं हलकं वाटतं त्यांनी सरळ कवितांच्या पानावर उडी मारावी. भटजी दक्षिणा मोजून घेतो, कनवटीला लावतो आणि त्याच्या मंत्राला कुठं डाग लागत नाही. आपण मात्र चळवळीची वर्गणी मागताना जमिनीकडं बघतो. बाबासाहेबांना ही लाज नव्हती. ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढलं, रकानेच्या रकाने एकट्यानं लिहिले, आणि त्याच रकान्यांतून वाचकांकडं उघड निधी मागितला. तरी १९२९ मध्ये ते पत्र पैशाअभावी बंद पडलं. लेखणीत काही कमी नव्हतं. वर्गणीदार कमी होते. तेव्हा आपल्यासारख्या दोन फर्म्यांच्या अंकानं पैशाचं बोलायला लाजू नये.

मुद्दा असा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला पन्नास, शंभर, कुणाचे दोनशे रुपये आपोआप कापले जायचे. ते तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अभ्यासिकेला आणि डहाणूच्या कासा बाजूला ठेवलेल्या पुस्तकांच्या कपाटाला जायचे. ही कापणी दोन महिन्यांपासून थांबली आहे. अनेकांना पत्ताच नाही, कारण आपोआप कापलेल्या पैशाकडं कुणी बघत नाही आणि आपोआप न कापलेल्या पैशाकडं तर अजिबात नाही. काहींना कळलं असेल आणि बरं झालं, पन्नास वाचले, असंही वाटलं असेल. मी त्याला दोष देणार नाही. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहून दिवसभर दुसऱ्यांची जेवणं पोचवणाऱ्या पोराचे पन्नास रुपये कुठून येतात ते मला माहीत आहे.

झालं काय, तर ज्या कंपनीमार्फत ही वर्गणी कापली जायची तिनं एक ईमेल धाडला. तुमच्यासारख्या लहान खात्यांची सेवा आम्ही बंद करत आहोत, एक महिन्याची मुदत. कारण? 'धोरणात्मक निर्णय'. या शब्दापुढं तुम्ही डोकं आपटा नाहीतर नारळ फोडा, तो हलत नाही. आम्ही दुसरी कंपनी धरली. तिनं ट्रस्टचं नोंदणीपत्र मागितलं, पॅन मागितलं, ठराव मागितला, पदाधिकाऱ्यांचे आधार मागितले, रद्द केलेला चेक मागितला. सगळं दिलं. खातं सुरू झालं. मग जुनीकडची मासिक वर्गणीची परवानगी नवीकडं कशी आणायची हे विचारल्यावर फोनवरच्या पोरानं सांगितलं, "सर, तसं नाही होत. प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागेल."

प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागेल. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. त्या पोराला कल्पना नसेल तो काय बोलला ते.

आता ही भानगड नीट समजून घ्या, कारण ती फक्त आपली नाही. दर महिन्याच्या कापणीला बँकेच्या भाषेत मँडेट म्हणतात. म्हणजे तुमची परवानगी: अमक्या संस्थेनं, अमक्या तारखेला, इतक्या रकमेपर्यंत, माझ्या खात्यातून घ्यावेत. तुम्हाला वाटतं ही परवानगी तुम्ही तलासरीला दिली. कागदोपत्री ती मधल्या कंपनीच्या दाव्याला बांधलेली असते. कार्डावरून वर्गणी देत असाल तर १ ऑक्टोबर २०२२ पासून तुमच्या कार्डाचा नंबर ना आम्ही साठवू शकत, ना ती कंपनी. नंबराच्या जागी एक टोकन असतं. ते त्या कार्डापुरतं, त्या देणगीच्या दुकानापुरतं आणि ते टोकन मागून घेणाऱ्यापुरतं चालतं. दुसऱ्याच्या हातात दिलं तर ते फुटक्या कवडीचं. यूपीआयवरून देत असाल तर ऑटोपे. हे प्रकरण जुलै २०२० मध्ये आलं. तिथंही सुरुवातीला तुम्ही पिन टाकता आणि त्या पिनवर एक मँडेट जन्माला येतं. बँकेचा कागदी फॉर्म भरला असेल तर एनएसीएच. त्याची वेगळीच मजा: वर्गणीच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर बँक दंड कापते, आणि हा दंड कित्येकदा वर्गणीच्या दुप्पट-तिप्पट असतो. पन्नास रुपये पाड्यावर पाठवायला निघालेला पोरगा बँकेला दीडशे देऊन रिकाम्या हातानं घरी येतो. म्हणून आपण एनएसीएच कधीच सोडलं. पगार सात तारखेला होणाऱ्या माणसाकडून पाच तारखेला पैसे ओढायचे आणि वर त्यालाच दंड लावायचा, ही सावकारी आपल्याला नको.

नियम सगळे वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात कार्डावरच्या मासिक कापणीचे नियम केले आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ते खरोखर अंमलात आले. पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी माणसाला कळवायचं. तो थांबव म्हणाला तर थांबवायचं. ठरल्या रकमेच्या वर गेलं तर पुन्हा ओटीपी घ्यायचा. ही मर्यादा तेव्हा पाच हजार होती, जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. त्या ऑक्टोबरात देशभर मासिक देणग्या अडल्या, वर्तमानपत्रांच्या वर्गण्या अडल्या, सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांचे हप्ते अडले. संस्थावाल्यांनी बोंब मारली की देणगीदार गळाले. मारू देत. माणसाच्या खिशात हात घालण्याआधी त्याला सांगावं, यात चुकीचं काय आहे?

आणि फक्त कंपन्याच पळ काढतात असं नाही. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर बडगा उगारला. नियम पाळत नाही, वारंवार सांगून पाळत नाही, म्हणून. आधी २९ फेब्रुवारीची, मग १५ मार्चची मुदत दिली. त्यानंतर त्या बँकेच्या खात्यात नवे पैसे घ्यायचे नाहीत. ज्यांच्या देणग्या त्या खात्यात जमा व्हायच्या त्यांना त्या मुदतीत दुसरी बँक शोधावी लागली. ज्यांची वर्गणी त्या खात्यातून जायची त्यांची वर्गणी शिल्लक होती तोवर चालली, मग थांबली. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कागद दिसायला तसाच होता, पण त्याच्या मागची बँक बदलली होती. यूपीआय पत्त्यांसाठी मार्च २०२४ मध्ये ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक अशा चार बँका पुढं आणल्या आणि कोट्यवधी लोकांचे पत्ते हळूहळू त्यांच्यावर चढवले. म्हणजे मोठ्या कंपनीवर वेळ आली तेव्हा वाट निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एनपीसीआयनं मँडेट एका यूपीआय ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये नेता यावं असं परिपत्रकच काढलं. वाट नव्हतीच असं कुणी म्हणू नये. ती मोकळी करायला कुणाला घाई नव्हती.

हे झालं आपल्या पन्नास रुपयांचं. त्याला पिन लागतो, ओटीपी लागतो, चोवीस तास आधी सूचना लागते. आता हीच यंत्रणा, हीच एनपीसीआय, तलासरीत कशी वागते ते बघू.

तलासरीच्या बाजारात एका दुकानात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आहे. अंगठा ठेवायचा, पैसे काढायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथं बायांची रांग रस्त्यापर्यंत येते. वीटभट्टीवर काम करून, भात लावून, गवत कापून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र अंगठा घेत नाही. मग दुसरं बोट, मग तिसरं, मग बोट डोक्याच्या तेलाला पुसून पुन्हा अंगठा. पण मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. पैसे कुठल्या खात्यात आले हेच ठाऊक नसलेल्या बाया मी त्या रांगेत बघितल्या. माझं खातं या बँकेत, पैसे आले त्या बँकेत. त्या बँकेत मी कधी गेले?

कधी गेलीस ते सांगतो, ताई. कुणीतरी सिमकार्ड देताना अंगठा घेतला. कुणीतरी शिबिर भरवून झटपट खातं उघडून दिलं, अंगठा घेतला. त्या अंगठ्यासरशी तुझा आधार नंबर नव्या बँकेला जोडला गेला. सरकारचे पैसे आधारवर येतात तेव्हा ते तू दिलेल्या पासबुकाकडं बघत नाहीत. एनपीसीआयकडं एक तक्ता असतो, त्याला मॅपर म्हणतात. त्यात तुझ्या आधारसमोर जी बँक शेवटी जोडली तिचं नाव असतं. पैसे तिकडं जातात. कागदावर याला संमती लागते. कागदावर सगळंच लागतं.

ही माझ्या मनची कहाणी नाही. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेचं प्रकरण देशभर गाजलं. मोबाईल नंबर आधारशी पडताळायला आलेल्या लोकांची खाती त्यांना नीट न कळवता उघडली गेली, आणि त्यांचं गॅसचं अनुदान त्यांच्या नेहमीच्या बँकेऐवजी तिथं वळलं. एकतीस लाखांवर ग्राहक, एकशे नव्वद कोटी रुपये. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं त्यांचा ई-केवायसीचा परवाना रोखला, पैसे परत करावे लागले, मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पाच कोटींचा दंड ठोकला. पुढं १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरीही आधारवरूनच देणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी लाडकी बहीण आली आणि आधार जोडलेल्या खात्यासाठी बाया उन्हापावसात रांगेत उभ्या राहिल्या.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. मुंबईतल्या पोराचे पन्नास रुपये एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत न्यायचे तर त्याला पुन्हा विचारल्याशिवाय पान हलत नाही. तलासरीच्या बाईची मजुरी एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्यायची तर तिला न विचारता एका ओळीत काम होतं. तंत्र तेच, देश तोच, नियम लिहिणारेही तेच. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याची परवानगी पवित्र. ज्याला पैसे द्यायचे त्याची परवानगी म्हणजे एक अंगठा, कुठंही उमटवून घ्या. कुणाला विचारायचं आणि कुणाला विचारायचं नाही, ही यादी या देशात मनूच्या काळापासून तयार आहे. सॉफ्टवेअरला ती नव्यानं लिहावी लागली नाही.

आणि डहाणू-तलासरीला ही यादी फार जुनी पाठ आहे. तिथं सावकाराची वही होती. वारली पोराचं लग्न करायचं तर सावकाराकडून, जमीनदाराकडून थोडे रुपये काढावे लागत. मग नवरा-बायको दोघंही त्याच्या दारात राबायला बांधली जात. याला लग्नगडी म्हणत. किती फिटलं, किती उरलं, ते वहीत. वही सावकाराच्या पेटीत. वाचता येणार सावकारालाच. दर वर्षी राबणं म्हणजे दर वर्षीची कापणी, तीही आपोआप! बंद कर म्हणायची सोय नाही. असं मँडेट बापाकडून पोराकडं सुद्धा जाई.

ही वही कुणी कायदा करून आधी बंद केली नाही. २३ मे १९४५ ला झरीला वारल्यांची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर, किसान सभेचा लाल बावटा. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, रोज बारा आण्यांशिवाय कामाला हात लावायचा नाही, असं ठरलं. लोकांनी पाड्यापाड्यावर जाऊन लग्नगड्यांना सोडवलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चार जण पडले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी कपाटातून न्यावं. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून नेऊ नका. पाड्यावरची म्हातारी माणसं अजून त्यातलं काय काय तोंडी सांगतात म्हणून न्या.

कुणी विचारेल, रमाबाई नगरच्या आणि वरळीच्या पोरांनी तलासरीला पैसे का पाठवायचे? इथं काय कमी आहे? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण हे लिहिलं आहे, त्यात अनुसूचित जमाती आहेत, भूमिहीन आहेत, कामगार आहेत, बाया आहेत. उत्तर तिथं आहे. माझं उत्तर आणखी साधं आहे. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. ज्या गाडीनं आपण दादरला उतरतो तिच्याच दुसऱ्या टोकाला ही पोरं चढतात. दिवसा बोईसरला नाहीतर वापीला कारखान्यात, रात्री पोलीस भरतीचं पुस्तक. दिवाळी सरली की आईबाप भट्टीवर, घरात म्हातारी आणि धाकटी भावंडं. अभ्यासिका म्हणजे दोन ट्यूबलाइट, सहा बाकडी, पेपर आणि झेरॉक्सची उधारी. एवढ्याशा गोष्टीला दर महिन्याला पैसे लागतात. एकदम दहा हजार देणारा दाता येतो, फोटो काढतो, जातो. वीजबिल दर महिन्याला येतं. म्हणून मासिक वर्गणी. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईत आले, त्यात या भागातले आदिवासी होते. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून ती माणसं रात्रीत सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाला गेली. मुंबईच्या लोकांनी पाणी दिलं, जेवण दिलं, फाटलेल्या पायांना चपला दिल्या. छान झालं. पण चपला झिजल्या की पुढची जोडी कोण देणार, याचं उत्तर त्या रात्रीत नव्हतं.

तेव्हा आपण काय करतोय?

पहिलं, वही. वर्गणीदारांची यादी आजवर कंपनीच्या पडद्यावर होती, लॉगिन केलं की दिसे. ती आता कागदावर उतरवली आहे. नाव, वस्ती, रक्कम, कधीपासून. खर्चाची वही पाड्यावर आहे, अभ्यासिका सांभाळणाऱ्या बायांकडं. मी ती मुंबईला आणू का विचारलं, तर त्यातली एक म्हणाली, "दादा, पैसे दोन महिने उशिरा आले तर चालंल. वही नेऊ नका." मी गप्प बसलो. ज्यांच्या आज्यानं सावकाराची वही बघितली त्यांना वहीचं महत्त्व मी काय सांगणार? आता दर तीन महिन्यांनी त्या वहीची पानं आपल्या अंकात छापायची. किती आले, कशावर गेले, झेरॉक्सवाल्याचे किती बाकी.

दुसरं, विचारणं. नवी कंपनी म्हणते एक लिंक पाठवा, लोक दाबतील. पाठवली. निम्म्याहून जास्त लोकांनी दाबली नाही. दाबणार कशी? दिवसाला दहा लिंका येतात, त्यातल्या पाच फसवणुकीच्या. आपणच अंकात लिहितो की अनोळखी लिंकवर पिन टाकू नका, आणि आपणच लिंक धाडून पिन टाका म्हणायचं! ज्यांनी दाबली नाही ती पोरं शहाणी आहेत. म्हणून आता दर रविवारी आपले कार्यकर्ते वस्तीत येतील. घाटकोपर, वरळी, भिवंडी, विरार. समोर बसून बोलतील. तुमचा फोन तुमच्याच हातात राहील, पिन तुम्हीच टाकाल, आणि मनात नसेल तर नाही म्हणाल. नाही म्हणणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाही, चहा पिऊन उठायचं. कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपण इन्शुरन्सचे एजंट नाही.

एका साथीनं मीटिंगमध्ये सुचवलं की जुन्या वर्गणीदारांना काही सांगूच नये, नव्या कंपनीचं नाव जुन्यासारखंच दिसेल असं करून गुपचूप ओटीपी मागून घ्यावा, काम झटपट होईल. त्याची तळमळ मला कळते. पण मग तलासरीच्या रांगेतल्या बाईच्या तोंडाकडं आपण कसं बघायचं? तिला न विचारता तिचे पैसे वळवणाऱ्यानं सुद्धा काम झटपटच केलं होतं.

तिसरं, खर्च. मधली कंपनी साधारण शेकडा दोन रुपये घेते, त्यावर अठरा टक्के जीएसटी. पन्नासातून एक रुपया अठरा पैसे गेले, अठ्ठेचाळीस रुपये ब्याऐंशी पैसे उरले. लुटलं असं मी म्हणणार नाही. पोस्टाची मनीऑर्डर वीस रुपयांमागं एक रुपया घ्यायची, म्हणजे शेकडा पाच. गिरणगावातल्या आपल्या बापांनी आयुष्यभर तो रुपया दिला आणि त्यावर कोकणातली, घाटावरची घरं चालली. पण मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असायचं. दोन-चार ओळी लिहायची जागा. पोराला शाळेत घाल. छपराचं बघ. पुढल्या महिन्यात जास्त पाठवतो. पैसे मिळाले की अंगठ्याची नाहीतर सहीची पोच परत यायची. ती जुनी मनीऑर्डर पोस्टानं २०१५ मध्ये बंद केली. ऑटोपेला कूपन नाही. पाड्यावर पन्नास रुपये पोचतात तेव्हा सोबत पाठवणाऱ्याचं नाव पोचत नाही, फक्त एकत्रित रकमेचा आकडा पोचतो, तोही दोन दिवसांनी. म्हणून आम्ही आपलं कूपन छापलंय. या अंकात घातलंय. मँडेट नव्यानं करताना त्यावर दोन ओळी लिहा. ती कूपनं अभ्यासिकेच्या भिंतीवर लागतील. साहित्य करू नका. 'नाइट शिफ्टला आहे, तूही जागा रहा' एवढं लिहिलं तरी पुरे.

परदेशातल्या मित्रांसाठी एक गोष्ट पटकन सांगतो, कारण दुबईहून दोन फोन आले. ज्यांच्याकडं भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या वाटेनं पाठवलेली वर्गणी परदेशी देणगी धरली जात नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे परदेशी देणगी ठरतात. त्याला एफसीआरएची नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं लागतं. आपल्याकडं ती नोंदणी नाही. त्यांनी पैसे पाठवू नयेत.

रोख देणाऱ्यांची पावती पुस्तकं सुरूच आहेत. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांनी त्यासाठी स्मार्टफोन घ्यायची गरज नाही. नव्या मँडेटची मर्यादा आम्ही दोनशेच्या वर ठेवलेली नाही. कंपनीच्या फॉर्ममध्ये आपोआप पाच हजार लिहून येत होते, ते खोडायला लावले. मुदतही एक वर्षाचीच. वर्ष झालं की मँडेट संपेल आणि कार्यकर्ता पुन्हा तुमच्या दारात येईल. कंपनीच्या माणसाला हे पटलं नाही. तो म्हणाला, सर, तीस वर्षांचं करा, दर वर्षी गळती होते. होऊ दे.

तारीख पाचची आता दहा केली आहे, बहुतेकांचा पगार सातला होतो. पाड्यावर सध्या दोनच पेपर येतात. तिसरा बंद करा आणि वीजबिल आधी भरा, असं भरतीच्या पोरांनीच सांगितलं. झेरॉक्सवाल्याचे चारशे दहा रुपये बाकी आहेत. पहिला रविवार घाटकोपरचा, कार्यकर्ते सकाळी नऊला निघतील, ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कूपनांचा गठ्ठा घ्यायला आदल्या रात्री यावं.